काहिलीपाशी

लाकडी डाव काहिलीच्या तळाला खर्रकन घासला आणि परसातली शांतता मोडली. लाल मिरच्यांचा आयवार, वर्षभराची ती घट्ट चटणी, चार तास ढवळायचा, हात थांबला की खाली लागलाच. वेलिकाचा वाढदिवस दरवर्षी याच दिवसांत येई. यंदा मात्र नवऱ्याने ओह्रिडच्या तळ्यावर न्यायचं कबूल केलं होतं; केकही गाडीत ठेवून झाला होता. "मुलीला घेऊन तू हो पुढे," सासूबाई त्याला म्हणाल्या, "हिच्यासारखा हात कुणाचा चालत नाही." "वाढदिवस तिचा आहे, आई." "मग? माझे काय काहिलीपाशी झाले नाहीत?" त्याने वेलिकाकडे पाहिलं, मग किल्ल्या उचलल्या. "तुझा तुकडा आणतो हं." पाच वर्षांची इस्क्रा धावत परत आली. "आई, तुझी मेणबत्ती मी विझवते. इच्छा पण मीच मागते." सासूबाई सरपण सारत तिथेच बसलेल्या. वेलिका ढवळत राहिली. "सांग ना, काय मागू?"