हाताचा वास

"तुझ्या हाताला वास येतो, पोरा," वेंडल म्हणाला. "म्हणून कोल्ह्याने सापळा उकरला. घरी शिजवता तरी काय रे तुम्ही?"

देवांग ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला होता. समोर सापळा उताणा पडला होता. जबडे मिटलेले, आत काही नाही. शॉमबर्ग गावाच्या पश्चिमेच्या रानात कोल्हे जिवंत धरायचे आणि गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून सोडायचे, असं हे सरकारी काम. वेंडल तिथला मुख्य सापळेवाला. देवांगला स्वतःचे सापळे द्यायचे की ऑफिसात परत पाठवायचं, हे तोच ठरवणार होता.

हा सापळा काल वेंडलनेच बसवला होता. देवांगने फक्त माती चाळून दिली होती, तीही रबरी हातमोजे घालून. त्याने आजही हातमोजे घातले होते; तशीच बोटं त्याने खड्ड्यात खुपसली. तळ भुसभुशीत होता. कोल्ह्याचा पाय पडताच सापळा डगमगला असणार, आणि डगमगलेला सापळा कोल्हा उकरतोच.

"तुम्ही खालची माती ठोकली नव्हती."

"तुझ्या जन्माआधीपासून कोल्हे धरतोय मी. सोमवारपासून ऑफिसात बस."

देवांगची कानशिलं तापली. फोडणी घालण्याआधी आई सगळ्यांचे कोट वास लागू नये म्हणून गॅरेजमध्ये नेऊन टांगायची. बेडरूमची दारं लावायची. बर्फ पडत असला तरी खिडक्या उघडायची. एवढं करूनही हा माणूस वासावरून बोलणारच!

त्याने तळ ठोकून घट्ट केला, जबडे उघडून सापळा पुन्हा खड्ड्यात बसवला आणि कडेची माती मुठीने ठोकू लागला. समोर माती नसून वेंडल असावा तशी. चारी बाजूंनी दाबून पाहिलं. सापळा तसूभर हलला नाही. मग त्याने वर चाळलेल्या मातीचा पातळ थर दिला.

"सरक. पुढचं तुला जमायचं नाही." वेंडलने खिशातून तपकिरी बाटली काढली. "माझ्या बापाचं आमिष. यात काय घालतो ते बायकोलाही सांगितलेलं नाही. याच्या वासाने कोल्हा कुठूनही येतो."

त्याने झाकण फिरवलं. सडक्या मांसाचा भपकारा आला. त्याच्यामागून आणखी एक वास आला, आणि देवांग ताठ झाला.

"यात हिंग आहे."

वेंडलने झाकण घट्ट लावलं. "कोणी सांगितलं तुला?"

देवांगने हातमोजा ओढून काढला आणि उघडा हात त्याच्या नाकाखाली धरला.