उभ्या गाडीची ऊब

"उभी गाडी निवलेलीच असंल असं धरून नको चालू. पोरीला लांब ठेवीत जा," झुंबरबाईंनी सुनेला बजावलं होतं.

ललितानं ते हसण्यावारी नेलं. महेश ओझरच्या विमान कारखान्यात कंपनीच्या बसनं जायचा. त्याची मोटारसायकल दिवसभर गंगापूर रोडवरच्या त्यांच्या इमारतीखाली उभी असायची. तिला काय होणार होतं?

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. ललिता त्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि आशू तिथल्याच बालवाडीत होती. रिक्षातून उतरून ललिता पर्समध्ये सुटे शोधत होती. तेवढ्यात आशू पार्किंगमध्ये धावली आणि तिनं सायलेन्सरला हात लावला.

किंकाळी ऐकून झुंबरबाई वरून धावत आल्या. पोरीला उचलून त्यांनी तिचा तळहात नळाखाली धरला, मग कोरफडीचा गर लावला. पान कापलेलंच होतं, म्हणून वेळ गेला नाही.

"रडू नको. हे बघ, आजीला बी हाय," म्हणत त्यांनी नऊवारीचा काठ वर करून उजव्या पोटरीवरचा डाग दाखवला. आशू रडायची थांबून त्यावर बोट फिरवू लागली. शेकोटीचा असावा, ललिताला वाटलं. त्यांच्या निफाडला कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात.

तळहात महिन्याभरात बरा झाला. ललिताचं डोकं मात्र शांत होईना. सकाळपासून उभ्या असलेल्या गाडीचा चटका बसला कसा?

रोज घरी आल्यावर ती आशूला जिन्यात उभं करायची आणि इंजिनाजवळ हात न्यायची. जवळजवळ रोज ऊब लागायची. हे सगळं ती मुलांना शिकवत होती. इंजिनाच्या त्या पातळ पातळ पट्ट्या असतात, त्या उष्णता वाऱ्याला देऊन टाकतात. गाडी पळत असली की वारा मिळतो. उभी केली, त्यातून बंदिस्त पार्किंगमध्ये, की ऊब हळूहळू जाते. म्हणजे गाडी नुकतीच कुणीतरी आणून लावलेली होती. यात चूक होण्यासारखं काही नव्हतं.

किल्ल्या दोन. एक दारामागच्या खिळ्याला, दुसरी महेशच्या खिशात.

एका संध्याकाळी जेवताना तिनं विचारलंच. "तुम्ही दुपारचे घरी येता का हो?"

"येतो ना. विमान गच्चीवर उतरवतो, पाणी पितो आणि जातो."

"गाडी गरम असते."

"ऊन लागत असेल."

"तिथं ऊन येत नाही."

"मग तुझ्या विज्ञानालाच विचार. पेट्रोलसुद्धा हल्ली कुठे जातं कळत नाही."

चोराच्या उलट्या बोंबा, ललिता मनात म्हणाली.

"आई, तुला कुणी गाडी नेताना दिसलं का गं?" महेशनं विचारलं.

झुंबरबाई पुढ्यातली मेथी निवडत होत्या. "मी कुठं घरात असते दुपारची? सोमेश्वरच्या देवळात जाते ना."

"आई, एवढ्या उन्हात चालत नका जाऊ," ललिता म्हणाली. "आणि ते दिवाळीचं पाचवारी तरी काढा. नऊवारीत किती उकडतं."

"चालत नाय जात. अन् पाचवारीत पाय मोकळे राहत नाय."

महेश हसला. "आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकलंय का? आबांना शेवटी शेवटी समोरचा माणूस दिसत नव्हता, तरी राजदूत फटफटीवरून रोज बागेत जायचे."

"जायचे खरं," नवऱ्याच्या आठवणीनं झुंबरबाई म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या गोळा करून उठल्या.

ललिताला हसू आलं नाही. ज्याच्या घरातून बाहेर पडण्याच्या आणि परत येण्याच्या वेळा तिला पाठ होत्या, तो माणूस दुपारी कुणाकडे तरी जातो आणि वर विनोद करतो. तिनं ठरवलं. एकदा खात्री करायची. मग आशूला घेऊन सटाण्याला भावाकडे. भांडण नाही, रडणं नाही. आशूचे कपडे तिनं बॅगेत भरूनही ठेवले.

दुसऱ्या दिवशी महेशची बस गेल्यावर ती खाली उतरली आणि प्लगची टोपी ओढून काढली. वायर तशीच लोंबकळत ठेवली. आता गाडी सुरूच होणार नव्हती. साधा चोर असेल तर किका मारून दमेल. टोपी परत बसवली गेली, तर नेणारा इंजिनातलं कळणारा. असा या घरात एकच होता.

दुपारी ती आली. टोपी जागेवर होती. इंजिनाजवळ हात नेला आणि लगेच मागे घेतला.

ती शांतपणे वर गेली. आशूला चप्पल काढू दिली नाही. कपाटातून बॅग काढली. दारामागच्या खिळ्याला किल्ली नेहमीसारखी लटकत होती. झुंबरबाई पाय पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. पायाला अजून धूळ होती.

"कुठं निघाली?"

"भावाकडे. का ते तुमच्या मुलाला विचारा."

"त्याला काय माहीत असणार? तो बसनं गेला." झुंबरबाईंनी मेथीवरची नजर काढली नाही. "बॅग ठेव खाली. अन् ती टोपी नको काढीत जाऊ. घाईत नीट बसली नाय माझ्याकडून, सोमेश्वरच्या रस्त्याला दोनदा बंद पडली."

तुमच्याही घरातलं कुणी रोज दुपारी न चुकता देवाला जात असेल, तर आल्यावर पाय धुताना त्यांची उजवी पोटरी एकदा बघून घ्या.