साहेबांच्या नजरेतला माणूस

स्पृहा शाळेच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकेतल्या जुन्या कॉलेज फुटबॉलबद्दल वाचत होती.

"बाबा, फनी आहे हे. देशातले बेस्ट अकरा प्लेअर निवडायचे, पण लांबच्या कॉलेजची पोरं निवडणाऱ्यांनी बघितलेलीच नसायची. मग जवळचेच घ्यायचे!"

मोरेश्वरला हसू आलं नाही. आखातातल्या त्याच्या कंपनीच्या अबू हलीफा गावातल्या ऑफिसात कपात जाहीर झाली होती, आणि निवड करणार होते दस्मानच्या मुख्य ऑफिसातले मोठे साहेब. त्यांनी ना अबू हलीफाचं ऑफिस पाहिलं होतं, ना मोरेश्वरला. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, जाणार, आणि स्पृहाचं दहावीचं वर्ष अर्ध्यावर मोडणार.

दुसऱ्या दिवसापासून मोरेश्वर काही ना काही निमित्त काढून दस्मानला जाऊ लागला. लिफ्टपाशी उभं राहून साहेबांना सलाम करू लागला. एकदा बेसनाचे लाडूही नेले. बायको म्हणाली, "अहो, शोभतं का हे?"

"खेळाडू दिसला पाहिजे, अर्चना."

अखेर साहेबांनी नाव विचारलं. ते जिभेवर बसेना, म्हणून दोन-तीनदा घोकून पाठ केलं. त्या रात्री मोरेश्वर शांत झोपला.

गुरुवारी निवड झाली. स्पृहानं दारातच विचारलं, "बाबा, सिलेक्ट झालास?"

"झालो. आमच्या ऑफिसातून मी एकटाच."

"वॉव! मग बाकीचे सगळे जाणार?"

"नाही गं. काढायला एक माणूस हवा होता. साहेबांना आमच्यातल्या एकाचंच नाव ठाऊक होतं."