पाखरांची वाटी

बायको बेया गेल्यावर बिझर्त शहरातलं घर मुन्जीला खायला उठलं, म्हणून त्याने माशांसाठी काचेची छोटी टाकी आणली. तळाच्या वाळूत रोपं लावली.

"नवं पाणी कच्चं असतं, काका," मासेवाल्याने बजावलं होतं. "जुन्या पाण्यातलं शेवाळ घाला, ते मुरू द्या, मगच मासे सोडा."

शुक्रवारी तो कबरस्तानात गेला. पाखरांनी पाणी प्यावं म्हणून तिथे प्रत्येक थडग्याच्या दगडात एक वाटी कोरलेली असते. बेयाच्या वाटीतलं पाणी ओतून त्याने शेवाळ खरवडून घेतलं. वाटी पुन्हा भरायचं मात्र राहूनच गेलं.

टाकीतली रोपं तरारली. मग मासे आले, आणि पाणी घटू लागलं. सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी अर्धी व्हायची. खालची फरशी कोरडी ठणठणीत. पुढे मासेही कमी होऊ लागले.

"मांजर असेल, बाबा," लेक दालेंदा म्हणाली.

"झाकण असतं गं."

"मग लावायला विसरला असाल. हल्ली काय लक्षात राहतं तुमच्या? आईच्या वाटीत पाणी तरी घालता ना?"

रिकामी ठेवलेली वाटी मुन्जीला आठवली. बाटली भरून तो तडक निघाला.

उन्हाने सगळ्या वाट्या सुकल्या होत्या. बेयाची तेवढी काठोकाठ भरलेली होती. हरवलेले मासे तिच्यात थडग्याच्या उशाकडे तोंडं करून दाटीवाटीने थांबले होते. वर बडीशेप घातलेल्या रोटीचा, बेयाच करायची तसल्या रोटीचा, चुरा तरंगत होता.

चुरा अजून भिजलाही नव्हता; आत्ताच कुणी कुस्करून टाकल्यासारखा.