डोळा मारणारा पांडा

“आज पांडा नाही मिळायचा,” उमे आजी म्हणाली. “भात संपला.”

चिझुरु अजून सायकलवरून उतरलीही नव्हती. सकाळचे साडेसहा वाजत होते. टोफूच्या दुकानात इतक्या सकाळी भात संपतोच कसा, हे विचारायचं तिला सुचलं नाही. आजी वर बघत नव्हती. फडक्याने टेबलाचा तोच तो कोपरा पुसत होती.

“आजी, आज पालकांचा दिवस आहे. मी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं.”

“ठेवलं होतंस गं. म्हातारीचं डोकं.” आजीने टोफूची एक वडी पिशवीत घालून तिच्या हातात कोंबली. “घरी भात असेल ना? मग कर की. हात आहेत ना तुला?”

हात होते, तीच तर पंचाईत होती.

एप्रिलमध्ये तिची मुलगी सुमिरे बालवाडीत जायला लागली, तेव्हा चिझुरुने पहिल्या दिवशी डब्यात भात, अंड्याची गुंडाळी आणि तळलेलं चिकन दिलं होतं. संध्याकाळी वर्गाच्या नागिसाबाईंनी वहीत गोल गोल अक्षरात लिहून पाठवलं, सुमिरेने सगळं संपवलं, झाकण समोर उभं धरून जेवली.

चार वर्षांची पोर. बाकीच्यांच्या डब्यांत अस्वलं आणि बेडूक, आणि ही आईचा डबा झाकून जेवते. चिझुरुला ते वाक्य आठवलं की अजूनही कानशिलं गरम व्हायची.

दुसऱ्या दिवशी टोफू घेताना तिला रडू फुटलं. तेव्हा उमे आजीने तिला मागच्या खोलीत नेलं आणि भाताचा एक ससा हातावर ठेवला. म्हणाली, कुणाजवळ बोलू नकोस, तुझ्या एकटीसाठी करते. तेव्हापासून रोज एक प्राणी. कुठल्या दिवशी कुठला, ते आजीच ठरवायची, त्यात कुणाचं ऐकायची नाही. सगळ्यांत सुंदर पांडा. आजीचा हात थरथरायचा, त्यामुळे त्याचा डावा डोळा तिरका व्हायचा आणि पांडा डोळा मारतोय असं वाटायचं. चिझुरुला तो तिरकेपणाच आवडायचा. बघणाऱ्याला वाटावं, घरीच केलाय.

बभ्रा होऊ नये म्हणून ती वर टोफूही घ्यायची. नवरा, र्‍योसाकु, दोन महिने सूपमध्ये टोफू, भाजीत टोफू गिळत होता. एकदा त्याने शांतपणे विचारलं, आपण मठात राहायला आलोय का?

दुकानात सुमिरेच्या वर्गातल्या ओतोहाची आई हमखास भेटायची. पालक मंडळाची प्रमुख, गळ्यात मोत्यांची माळ, हातात टोफूची पिशवी.

“आमच्याकडे टोफूशिवाय घास उतरत नाही,” ती एकदा म्हणाली.

“आमच्याकडेही,” चिझुरु म्हणाली.

“सुमिरेच्या आई, डबा करायला किती वाजता उठता हो?”

“पाचला.”

“सुखी आहात बाई. मी साडेचारला.”

चिझुरुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही खरोखर साडेचारला उठते, माळ घालते, प्राणी घडवते. आणि आपण केस न विंचरता सायकल हाणतो.

आणि आज सगळे पालक भिंतीला उभे राहणार, मुलं त्यांच्यासमोर डबे उघडणार. सुमिरेने वर्गभर सांगून ठेवलं होतं, माझी आई पांडा करणार.

घरी आल्यावर चिझुरुने बाह्या सरसावल्या. भात बोटांना चिकटला, मग कपाळाला. नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, काळा कागद तिने नखं कापायच्या कात्रीने कापला. एक कान खाली घसरला, तो तिने काडीने टोचून बसवला. डोळे मोठे झाले, मग लहान झाले, मग एकच राहिला, दुसरा कुठे गेला ते कळेना. तो तिच्या कोपराला सापडला. अखेर डब्यात जे बसलं ते सासऱ्यांसारखं दिसत होतं, नवीन वर्षाच्या जेवणानंतरच्या.

सुमिरे खुर्चीवर चढून बघत होती.

“हे कोण?”

“पांडा.”

सुमिरेने विचार केला. “आजारी आहे?”

“थोडासा.”

“मग मी हळू खाईन.”

चिझुरुने झाकण लावलं. पोरीकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

दहा वाजता सूर्यफूल वर्गात सतरा आया भिंतीला टेकून उभ्या होत्या. नागिसाबाईंनी टाळी वाजवली. मुलांनी हात जोडले आणि सतरा झाकणं एकदम उघडली.

सुमिरेने आपलं झाकण समोर उभं धरलं.

चिझुरुने मान खाली घातली आणि कुणीतरी हसायची वाट पाहिली. कुणी हसलं नाही. खोकलंसुद्धा नाही. शेवटी तिने वर बघितलं.

सगळ्या आया आपापल्या सपाता न्याहाळत होत्या. नागिसाबाई खिडकीबाहेर फार मन लावून बघत होत्या. आणि टेबलांवर सोळा डब्यांमधून सोळा पांडा, डावा डोळा तिरका करून, वर्गाला डोळा मारत होते.

सुमिरेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग झाकण हळूच खाली ठेवलं.

“माझा आजारी आहे,” तिने शेजारच्या ओतोहाला समजावलं. “म्हणून वेगळा दिसतो.”

ओतोहाची आई भिंतीला घासत घासत चिझुरुजवळ सरकली. मोत्यांची माळ तिने मुठीत गच्च धरली होती, चेहरा लालबुंद झाला होता. वर न बघता, ओठ न हलवता ती पुटपुटली,

“सुमिरेच्या आई, आमच्या म्हातारीने तर घात केला. तुमची कुठली हो? अगदी घरी केल्यासारखा वाटतो.”