पालथी खुर्ची

पुरुषमंडळींनी गिल्बर्टची शवपेटी खांद्यावर घेतली, तशा शेजारच्या बार्बराने पेटीखालच्या दोन्ही खुर्च्या पालथ्या घातल्या.

"सूर्य मावळेपर्यंत सरळ करू नकोस हं, एल्सपेट. गेलेलं माणूस परत येऊन बसतं."

"तू मानतेस हे?"

"मी कुठली मानतेय? आई मानायची. तिचा शब्द मोडायची अजून छाती होत नाही, एवढंच." बार्बरा चहा टाकायला आत गेली.

पेटीमागून कबरीपर्यंत बायकांनी जायचं नाही, अशी स्कॉटलंडच्या त्या कोळ्यांच्या गावची रीत. एल्सपेट बाहेरच्या खोलीत एकटी उरली.

चर्चचा एकही रविवार न चुकवणारी ती बाई असल्या समजुतींना जन्मभर हसत आली होती. पण दीड महिन्यापूर्वी एका सकाळी ती वैतागून नवऱ्याला म्हणाली, "जरा गप्प बस." दुपारी त्याला झटका आला आणि वाचा गेली. तिने कितीदा क्षमा मागितली. तो नुसता बघत राहिला आणि तसाच गेला.

एल्सपेटने एक खुर्ची सरळ केली.

"गिल्बर्ट, आता बोल रे. रागावून गेलास का माझ्यावर?"

खुर्चीच्या बैठकीचं विणलेलं गवत करकरलं. मग भरल्या अंगाचं माणूस टेकावं तसं ते सावकाश, खोल दबत गेलं. चर्चमध्ये प्रार्थनेला उभं राहावं तशी ती हात जोडून उभी राहिली.

रिकाम्या खुर्चीत कुणीतरी घसा खाकरला. बोलायला सुरुवात करण्याआधी गिल्बर्ट असाच खाकरायचा.