आबाजींचा घास

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन संपलं, मागच्या महिन्यात नाकातली नळीही निघाली. पण आबाजी पेजेवरच होते. काहीही खाल्लं तरी मातीसारखं लागतं, म्हणायचे. त्या दुपारी ते लेकीला, स्वरूपाला, घेऊन चाकणमधल्या घराजवळच्या पबमध्ये आले आणि त्यांनी चिकन विंग्स मागवल्या. “डॉक्टर हो म्हणालेत,” ते म्हणाले. स्वरूपाने हाडावरचं मांस सोडवून नखाएवढे तुकडे केले. गेल्याच आठवड्यात पेजेतलं शीत अडकून त्यांचा श्वास कोंडला होता. तेव्हाचा निळा पडलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आबाजींनी तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि डोळे मिटून गिळला. कंठमणी वर गेला, तिथेच थांबला. स्वरूपा घाबरून उठली. “आबा, अडकलं का?” “नाही गं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “मीठ जास्त झालंय.”